दीड, चाळीस, दहा

माझ्या नणंदेइतक्या शिस्तीनं घाबरणारी बाई उभ्या मुंबईत दुसरी नसेल. घाबरतो आपण सगळेच, पण आपलं घाबरणं अघळपघळ असतं. झुरळ दिसलं की ओरडायचं, पाच मिनिटांनी विसरून जायचं. वन्संचं तसं नाही. लग्नानंतर पहिल्याच दिवशी सासूबाईंनी सांगितलं म्हणून मी त्यांना वन्सं म्हणायला लागले आणि अठ्ठावीस वर्षं तेच म्हणते आहे. आता मुलुंडमध्ये काय, बोरिवलीतही कुणी नणंदेला वन्सं म्हणत नाही. तर या वन्सं एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. आम्लाची बाटली कुठल्या फळीवर, स्पिरिट कशाच्या शेजारी ठेवायचं नाही, सगळं चिठ्ठ्या चिकटवून चाले. तीच पद्धत त्यांनी घरी आणली. मुलुंडच्या त्यांच्या दोन खोल्यांत चिठ्ठी नसलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे पाल. भीतीसाठी त्यांची वेगळी वही होती. लिफ्ट अडकल्यास काय करावे, कुत्रा मागे लागल्यास काय करावे, घरात साप निघाल्यास काय करावे, असं एकेका पानावर आकडे घालून लिहिलेलं. मी एकदा विचारलं, "वन्सं, चौथ्या मजल्यावर साप कसा येईल?" त्या शांतपणे म्हणाल्या, "जिन्यानं." घराबाहेर पडताना गॅसचा रेग्युलेटर त्या स्वतः बंद करत, स्वतः हुंगत आणि मग शेजारच्या काकांना बोलावून म्हणत, "माझं नाक घरच्या वासाला सवयीचं झालंय, तुम्ही जरा हुंगा." काका बँकेतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ. ते रोज येऊन हुंगून जात.

आणि सगळ्या भीत्यांची राणी म्हणजे पाणी. त्यांना कुणी पाण्यात ढकललं नव्हतं, कुणी त्यांच्या डोळ्यांसमोर बुडालं नव्हतं. कारण काहीच नव्हतं, भीती मात्र पुरेपूर. आम्ही सगळे समुद्रावर गेलो की वाळू जिथे ओली व्हायला लागते तिथे त्या थांबत आणि आमच्या चपला सांभाळत. होडीत त्या कधी बसल्या नाहीत. आंघोळीलाही तांब्या डोक्यावर ओतताना नाक धरतात, हे मला सासूबाईंनी हसत हसत सांगितलं होतं.

सासूबाईंना पक्षाघात झाला तेव्हा वन्सं सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. त्यांनी नोकरी सोडली आणि पुढची अकरा वर्षं आईच्या खाटेशी काढली. भिंतीवर तक्ता लावला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाही तर पाठीला जखमा होतात. सहा वाजता डावी, आठ वाजता पाठ, दहा वाजता उजवी; प्रत्येक वेळेपुढे एक खूण. अकरा वर्षांत सासूबाईंच्या पाठीवर एकही जखम झाली नाही. तपासायला येणारे डॉक्टर म्हणायचे की असं त्यांनी इस्पितळातही पाहिलेलं नाही. आम्ही काय करत होतो? आम्ही बोरिवलीहून रविवारी जायचो. फळं न्यायचो. मी स्वयंपाकघरात काहीतरी करायची. माझा नवरा, म्हणजे वन्संचा धाकटा भाऊ, खोलीच्या दाराशी उभा राहून विचारायचा, "ताई, काही आणू का?" ताई म्हणायची, "काही नको." मग तो जरा वेळ तसाच उभा राहायचा. त्याला आईला हात लावायची भीती वाटायची, काहीतरी दुखवीन म्हणून. पण त्याच्याजवळ वही नव्हती, त्यामुळे त्या भीतीचं पुढे काही झालं नाही. संध्याकाळी आम्ही घरी यायचो.

सासूबाई गेल्या. वन्संचं दोन तासांचं घड्याळ मात्र राहिलं. कुठेही बसल्या तरी दोन तास झाले की त्या उठत. माझ्या भाचीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत उठल्या आणि मांडवाला एक फेरी मारून परत येऊन बसल्या. कुणी काही विचारलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला. त्यांनी 'चालणे' असं वहीत लिहिलं आणि चालायला लागल्या. मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी जे चढाचे रस्ते आहेत, तिथे त्या पहाटे जात. चालण्याचं पुढे धावणं झालं, म्हणजे त्या त्याला धावणं म्हणत. हात कोपरात दुमडलेले, पावलं लहान, तोंडानं आकडे. मागून येणारी चालणारी माणसं त्यांना नमस्कार करून पुढे जात. पण त्या थांबत नसत. मग एक जुनी गियरची सायकल घेतली. दर रविवारी गॅलरीत बसून त्या तिचं चाक काढत, ट्यूब बदलत, चाक पुन्हा बसवत, आणि लागलेला वेळ लिहून ठेवत. "रस्त्यात पंक्चर झाली तर?" असं त्यांचं म्हणणं. ती होईपर्यंत वाट पाहणं त्यांना बेजबाबदारपणाचं वाटे.

सकाळी हायवेवरून ऐरोलीच्या पुलापर्यंत सायकल चालवणारा एक गट होता, त्यात या जाऊ लागल्या. त्या गटात भांडुपची एक दातांची डॉक्टर होती. ती एकदा सहज म्हणाली, "काकू, धावता तुम्ही, सायकल चालवता. आता ट्रायथलॉनच राहिलंय ना तुमचं." सगळे हसले. वन्संनी ते काय असतं ते नीट विचारून घेतलं. ऑलिंपिक अंतराची शर्यत म्हणजे आधी दीड किलोमीटर पोहायचं, लगेच चाळीस किलोमीटर सायकल, लगेच दहा किलोमीटर धावायचं. घरी येऊन त्यांनी वहीत लिहिलं, दीड, चाळीस, दहा. त्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा त्यांनी ते पान माझ्यापुढे ठेवलं. मी म्हटलं, "वन्सं, पण पोहणं?"

"तेच म्हणते मी," त्या म्हणाल्या. "बाकीचं जमेल. म्हणजे शिकायचं एकच राहिलं."

पुढच्या रविवारी दार नुसतं लोटलेलं होतं. आम्ही आत गेलो तर वन्सं मोरीत उकिडव्या बसलेल्या, डोकं कानापर्यंत बादलीत बुडवलेलं, आणि एक हात वर करून बोटांनी मोजणी चाललेली. माझा नवरा धावत गेला आणि त्यानं त्यांना खांद्याला धरून बाहेर ओढलं. त्या भयंकर चिडल्या. "बारापर्यंत आले होते मी," म्हणाल्या. "आता परत पहिल्यापासून."

पालिकेच्या तरणतलावावर सकाळी बायकांची वेळ असते. तिथे जीवरक्षक म्हणून पन्नाशीचे एक मालवणी गृहस्थ होते. वन्संनी पहिले एकोणीस दिवस काठाचा लोखंडी दांडा धरून पाण्यात उभं राहण्यात घालवले. ते गृहस्थ रोज येऊन सांगत, "बाई, दांडो सोडा. पाणी काय तुमका खाऊक बसलां नाय." वन्सं मान हलवत आणि दांडा आणखी घट्ट धरत. विसाव्या दिवशी त्यांनी विचारलं, "मी बुडायला लागले तर तुम्ही किती सेकंदांत पोचाल?"

"तीन."

"करून दाखवा."

त्या भल्या माणसानं शिट्टी बाजूला ठेवली आणि सगळ्या बायकांसमोर उडी मारून त्यांच्यापर्यंत येऊन दाखवलं. वन्संनी मोजलं. "चार झाले," त्या म्हणाल्या, "पण चालेल." आणि दांडा सोडला. त्या दिवशी त्यांनी मला दुपारी ऑफिसात फोन केला. एरवी त्या ऑफिसात कधीच फोन करत नाहीत, मला वाटलं कुणाला काही झालं. "मी सोडलं," एवढंच बोलल्या आणि फोन ठेवला.

दीड किलोमीटर पोहायला यायला त्यांना पुढे दीड वर्ष लागलं. शर्यत शहराबाहेर एका धरणाच्या तलावात होती. आदल्या दिवशी आम्ही तिघं गाडीनं गेलो, सायकल मागे बांधून. वन्सं साठ वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या वयोगटात दुसरं कुणी नव्हतं. पोहून आल्यावर जिथे सायकल घ्यायची, आणि सायकल ठेवून जिथे बूट बदलायचे, त्या जागेला ट्रान्झिशन म्हणतात. तिथे प्रत्येकाला हातभर जागा मिळते. बाकीच्यांचे टॉवेल, हेल्मेट, बूट, केळी एकावर एक पडलेली होती. वन्संच्या जागेवर 'डावा मोजा' आणि 'उजवा मोजा' अशा चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. बाजूचा एक धिप्पाड तरुण बराच वेळ त्या चिठ्ठ्यांकडे बघत राहिला आणि मग गुपचूप त्यानं आपलंही सामान ओळीत लावलं.

सकाळी साडेसहाला शिट्टी झाली. शंभरेक माणसं एकदम पाण्यात शिरली. तलावात आणि तरणतलावात काय फरक असतो तो मला काठावरून तेव्हा कळला. तलावाला दांडा नसतो. तळ दिसत नाही. बाजूनं कुणाचाही हात, कुणाचीही लाथ लागते. वन्संची नारिंगी टोपी मला सगळ्यांत मागे दिसत होती. पहिल्या खुणेच्या फुग्यापर्यंत ती सरळ गेली आणि मग एकाच जागी थांबली. बचावाची होडी तिच्याकडे वळली. माझ्या नवऱ्यानं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की दोन दिवस ते दुखत होतं. मग टोपी उलटी झाली, म्हणजे वन्सं पाठीवर वळल्या होत्या. होडीतल्या माणसानं काहीतरी विचारलेलं दिसलं. वन्संनी हात वर केला नाही. हात वर केला की उचलून घेतात, हे आम्हाला माहीत होतं. त्या तशाच आभाळाकडे बघत राहिल्या. किती वेळ ते मी सांगू शकत नाही. मग टोपी पुन्हा पालथी झाली आणि सरकायला लागली. होडी मात्र शेवटपर्यंत त्यांच्या मागे मागे गेली. त्या बाहेर आल्या तेव्हा काठावर आम्ही आणि दोन पंच एवढेच उरलो होतो. ओठ निळे पडले होते. आमच्यासमोरून जाताना आमच्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "एक झालं."

सायकलीचा रस्ता तलावाच्या कडेनं दहा किलोमीटरचा होता, तो चार वेळा घ्यायचा. आम्ही रस्त्यातल्या एका मोरीच्या कठड्यावर बसलो होतो. पहिली फेरी, दुसरी फेरी. वन्सं दर वेळी घंटी वाजवून जात. तिसऱ्या फेरीला त्या आमच्यापासून पन्नास पावलांवर सायकल हातात धरून चालत येताना दिसल्या. मागच्या चाकाची हवा गेली होती. माझा नवरा उठून धावला. कॉलेजात असताना तो मित्रांच्या सायकली दुरुस्त करायचा, पंक्चर काढणं म्हणजे त्याचा हातखंडा.

"ताई, थांब, दे इकडे. मी पाच मिनिटांत करतो."

"हात लावू नकोस." वन्सं रस्त्याच्या कडेला खाली बसल्या. "बाहेरच्या माणसाची मदत घेतली की बाद करतात."

नियमाचे शब्दच ते होते, त्यांनी वाचले तसे सांगितले. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं, हे मी खात्रीनं सांगते. पण माझा नवरा जागच्या जागी उभा राहिला. "बाहेरच्या," एवढंच तो हलक्या आवाजात म्हणाला. गॅलरीत नऊ मिनिटांत होणारं काम रस्त्यावर नऊ मिनिटांत होत नव्हतं. पाण्यानं वन्संची बोटं आखडली होती, टायर कडेवरून निघेना, हत्यार हातातून सटकून दोनदा गवतात पडलं. तो दोन पावलांवर हात पाठीमागे बांधून उभा होता आणि प्रत्येक वेळी त्याचे खांदे पुढे येत आणि मागे जात. मी जवळ जाऊन उभी राहिले. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "आईच्या खोलीत पण मी असाच उभा असायचो." मी स्वयंपाकघरात असायची.

चाक बसलं. वन्सं गेल्या. पण चाळीस किलोमीटर संपवून त्या परत आल्या तेव्हा सायकलीसाठी ठरवून दिलेली वेळ संपून अकरा मिनिटं झाली होती. पंच बाई तिशीच्या असतील, बिचारीला सांगायलाच जमेना. "मॅडम, सॉरी, वेळ संपली. ती पायातली पट्टी द्यावी लागेल." घोट्याला बांधलेल्या त्या पट्टीवरून प्रत्येकाची वेळ नोंदली जाते. वन्संनी वाकून ती सोडली आणि पुसून त्यांच्या हातात दिली.

"धावण्याचा रस्ता बंद केलाय का?"

"नाही, रस्ता काय, गावाचाच आहे. पण वेळ नोंदली जाणार नाही. पदक नाही मिळणार."

"म्हणजे मी बाद."

"हो, मॅडम."

"बरं," वन्सं म्हणाल्या. हेल्मेट काढून ठेवलं. बूट बदलले. डोळ्यांवर पाणी मारलं आणि ट्रान्झिशनच्या कठड्यापलीकडे उभ्या असलेल्या भावाकडे पाहिलं.

"आता बाद झालेच आहे," त्या म्हणाल्या. "आता तू चालशील. ये."

माझा नवरा छप्पन्न वर्षांचा, पोट सुटलेला, पायात चामड्याच्या चपला. बोरिवली स्टेशनवरून घरी यायलासुद्धा तो रिक्षा करतो. तो कठडा ओलांडून गेला. दोघं रस्त्याला लागली. ती कोपर दुमडून, आकडे मोजत. तो चपला फटफट वाजवत तिच्या बाजूला.

मी सायकलीजवळ बसून राहिले. ऊन चढलं. बक्षिसं वाटून झाली. शेवटच्या रेषेवर हवा भरलेली मोठी कमान होती, तिची हवा सोडली, ती हळूहळू जमिनीवर पसरली आणि चार माणसांनी तिची घडी घातली. खुर्च्या टेम्पोत चढल्या. पंच बाई दोनदा येऊन विचारून गेल्या, "आल्या का हो?" आणि तिसऱ्यांदा आल्या त्या माझ्याजवळच बसल्या. पावणेदोन तासांनी ती दोघं दिसली. धावत नव्हती, चालत होती. माझ्या नवऱ्याच्या चपला हातात होत्या. जिथे रेषा होती तिथे आता नुसता चुना राहिला होता. वन्संनी तो नीट बघितला, दोन्ही पाय पलीकडे ठेवले आणि म्हणाल्या, "दहा." पंच बाईंनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्या आम्ही दोघीच.

परत येताना वाटेत जेवायला थांबलो. वन्सं हात धुवायला गेल्या तेव्हा त्यानं मला सांगितलं. सातव्या किलोमीटरला त्या म्हणाल्या होत्या की सासूबाई गेल्या त्या दुपारी त्यांना खुर्चीतच डोळा लागला होता. दोनची कूस चुकली. जाग आली तेव्हा साडेतीन वाजले होते आणि आई गेलेली होती. फोनवर त्यांनी आम्हाला सांगितलं होतं, आई झोपेतच गेली. झोप कुणाची, हे तीन वर्षांत आम्ही विचारलं नाही. तक्त्यावर त्या दोनच्या पुढची जागा त्यांनी कोरी ठेवली होती आणि तो तक्ता अजून कपाटात होता.

"तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"म्हटलं, ताई, अकरा वर्षांत एकदा झोपलीस. मी तर कधी जागा नव्हतोच." तो ताटाकडे बघत होता. "मग आम्ही चालत राहिलो. तिचे आकडे पण बंद झाले होते."

वन्सं आल्या, त्यांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. तळव्यांना फोड आले होते. पिशवीतून त्यांनी मलम काढलं आणि त्या खानावळीच्या बाकावर, लोक बघत असताना, त्याचा पाय मांडीवर घेऊन लावायला बसल्या. त्यानं पाय मागे घेतला नाही.

मुलुंडला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. एरवी त्यांना सोडून आम्ही खालूनच गाडी वळवतो, लिंक रोडला गर्दी व्हायच्या आत. त्या दिवशी सायकल उतरवल्यावर तो म्हणाला, "वर येऊ का, ताई?"

"ये. पण दूध नाही घरात."

"मी आणतो," म्हणून तो तसाच अनवाणी, टाचांवर चालत, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डेअरीकडे गेला. आम्ही दोघी सायकल धरून उभ्या राहिलो. वन्संच्या केसांना अजून तलावाच्या पाण्याचा वास येत होता. त्या त्याच्या पाठमोऱ्या चालण्याकडे बघत होत्या.

"पाण्यातून बाहेर आले ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आईला सांगायला हवं."

"काय सांगितलं असतंत?"

"दीड किलोमीटर वगैरे तिला काही कळलं नसतं," त्या म्हणाल्या. "तिनं एवढंच विचारलं असतं, पाणी गार होतं का."

"मग? होतं?"

"होतं गं," वन्सं म्हणाल्या. "पण तिला मी नाही म्हणून सांगितलं असतं."